भिंत ढासळली तरी वाडा उभा कसा राहतो?

प्रश्न : पुण्याच्या विश्रामबागवाड्यात आम्हाला सांगण्यात आले की, वाड्याचा भार भिंतींवर नसून खांबांवर असतो. एवढ्या जाड भिंती असताना हे खरे कसे? शनिवारवाडा जळून गेला, मग हा लाकडी वाडा कसा टिकला? आमच्या जुन्या वाड्याला सिमेंटचा गिलावा करण्याचा विचार आहे, त्याबद्दलही कृपया लिहावे.
(एक वाचक, वाई)

उत्तर : आपल्याला सांगितले ते बरेचसे बरोबर आहे. पेशवाईतील वाड्याची मांडणी खणांत होते. दोन खांबांमधले अंतर, साधारण पाच-सहा फूट, म्हणजे एक खण. ओसरी किती खणांची आणि माजघर किती खणांचे, यावर चौकाभोवतीची सारी बांधणी ठरते. सागवानी खांब, त्यांवर तुळई म्हणजे जाड आडवे लाकूड, तुळईवर कडीपाट म्हणजे लाकडी कड्या व फळ्या, आणि कडीपाटावर मातीचा थर देऊन केलेली वरच्या मजल्याची जमीन, असा हा सांगाडा असतो. आतल्या भिंती खांबांमधली जागा भरून काढतात, म्हणून त्यांतली एखादी ढासळली तरी मजला लगेच खाली येत नाही. बाहेरच्या जाड भिंतींना मात्र निव्वळ आडोसा म्हणता येणार नाही, कारण तुळयांची टोके पुष्कळदा त्यांच्यावरच टेकलेली असतात.

पुन्हा गेलात तर खांबाचे बूड अवश्य पाहा. खांब जमिनीत पुरलेला नसतो. तो घडीव दगडाच्या तळखड्यावर उभा असतो, कारण ओल आणि वाळवी लाकडात बहुधा खालूनच शिरतात. वर सुरूच्या झाडासारखा निमुळता होत गेलेला दांडा आणि त्यावर नक्षीच्या महिरपी, ही घडण मोगल वळणाची आहे. विश्रामबागवाड्याच्या दर्शनी सज्जात ती रस्त्यावरूनही दिसते, आणि पेशवाईच्या अखेरच्या दिवसांतही सुतारांचा हात किती तयार होता, हे तिथे मनोमन पटते.

दुसऱ्या बाजीरावांनी १९व्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधलेला हा वाडाही आगीतून सुटला नाही. शनिवारवाडा १८२८च्या आगीत गेला आणि पुन्हा उभा राहिला नाही. विश्रामबागवाड्याचा काही भाग १८७९मध्ये जळाला, पण तो दुरुस्त करण्यात आला. माझ्या मते, याचे मोठे कारण त्याचा सततचा वापर हे आहे. १८२१मध्ये येथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली आणि पुढे विसाव्या शतकात काही दशके नगरपालिकेचा, नंतर महापालिकेचा कारभार येथून चालला. खासगी वाड्यांना असा आधार नव्हता. भाडेनियंत्रणामुळे भाडी गोठली, मालकांना दुरुस्ती परवडेना, आणि १९६१च्या पानशेत पुरात नदीकाठच्या पेठांतील मातीच्या भिंतींचे कितीतरी वाडे बसले.

आपल्या वाड्याला सिमेंटचा गिलावा कृपया करू नये. चुन्यातून भिंतीची ओल बाहेर पडते, सिमेंट तीच ओल आत कोंडते आणि भिंतीत टेकलेली तुळयांची टोके कुजू लागतात. चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधावा आणि गिलाव्याआधी त्याच्याकडून ही टोके व खांबांची बुडे ठोकून तपासून घ्यावीत.