आश्रय मागताना आपण समलिंगी असल्याचं सिद्ध कसं करायचं? जोडीदाराचा पुरावा लागतो का?

तुमचा मित्र इराणमधून आला आहे, युरोपियन युनियनमधल्या एका देशात त्याची आश्रयाची मुलाखत जवळ आली आहे, त्याचा जोडीदार तिकडेच अडकलाय आणि कुणीतरी त्याला ‘दोघांचे खासगी व्हिडिओ दे, लगेच काम होईल’ असं सांगितलंय. हा सल्ला अजिबात ऐकू नका. युनियनच्या लक्झेंबर्गमधल्या न्यायालयाने २ डिसेंबर २०१४ च्या निकालात असे व्हिडिओ, समलिंगी असल्याच्या ‘चाचण्या’ आणि शरीरसंबंधांबद्दल खोदून विचारणं, सगळंच बाद ठरवलं आहे. अर्जदाराने स्वतःहून देऊ केले तरी व्हिडिओ चालत नाहीत.

जोडीदार असलाच पाहिजे अशीही अट नाही. १९५१ च्या निर्वासित करारात लैंगिकतेचा शब्दही नाही. दावा ‘विशिष्ट सामाजिक गट’ या कारणाखाली बसवला जातो आणि त्या गटात एकटा माणूसही मोडतो. ‘परत जा आणि लपून राहा’ असंही अधिकाऱ्याला म्हणता येत नाही, हे याच न्यायालयाच्या २०१३ च्या निकालापासून स्पष्ट आहे. पण २०१३ च्या त्या निकालात एक मेख आहे: समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारा कायदा नुसता कागदावर असून भागत नाही, तुरुंगवासासारखी शिक्षा तिथे खरोखर होते हे दिसावं लागतं.

खरी कसोटी लागते ती त्याच्या जबाबाची. आपण वेगळे आहोत हे कधी जाणवलं, तेव्हा मनात काय आलं, पहिल्यांदा कुणाला सांगितलं, घरी कळलं तेव्हा काय झालं, परत गेल्यास भीती नेमकी कुणाची, असे प्रश्न येतात. बरेच अधिकारी मनातल्या घालमेलीची कहाणी शोधतात. माझ्या मते हा साचा फार अरुंद आहे, कारण काहींना तशी घालमेल झालेलीच नसते. नसेल तर रचू नये. ‘मला त्यात गैर वाटलं नाही, पण भावाला कळू नये म्हणून दोन सिमकार्डं वापरायचो’ हे एक वाक्य पाठ केलेल्या दोन पानांपेक्षा जास्त पटतं. पूर्वी लग्न झालं असेल, मुलं असतील, तर तेही सांगावं आणि लग्न कोणत्या दबावाखाली झालं ते सांगावं. लपवलेलं लग्न पुढे कागदपत्रांत सापडलं, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

जोडीदाराशी झालेले मेसेज जरूर द्या, पण गठ्ठा नको. तारखा दिसतील अशी निवडक पानं भाषांतरासह पुरेत. भीतीपोटी चॅट पुसून टाकली असेल तर तसं सरळ लिहावं. जोडीदाराचं लेखी निवेदन मिळालं तर उत्तम, मात्र ते मिळवताना त्याचा फोन कुणाच्या हाती पडू शकतो याचा विचार आधी करा. आणि दोघांच्या तारखा जुळतात का ते बघा. इथे घोळ होतो तो कॅलेंडरचा. इराणचं १३९५ हे साल मार्च २०१६ ते मार्च २०१७ असं पसरतं. एकाने ‘२०१६’ म्हटलं आणि दुसऱ्याने ‘२०१७’, की तीच भेट विसंगती म्हणून नोंदली जाते. मूळ तारीख सांगा, रूपांतर त्यांना करू द्या.

दुभाष्याकडेही लक्ष हवं. तो आपल्याच समाजाचा निघाला की माणूस गप्प होतो किंवा दुभाषी ‘समलिंगी’साठी शिवीवजा शब्द वापरतो. हरकत तिथल्या तिथे घ्यायची आणि ती नोंदवून घ्यायची. जबाब आपल्या भाषेत परत वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. चुकलेली तारीख तेव्हाच दुरुस्त होते, अपिलात ती निस्तरणं जड जातं. लाजेपोटी पहिल्या नोंदणीत खरं कारण सांगितलं नसेल, तर केवळ त्या उशिरामुळे दावा खोटा धरता येत नाही. पण आता मुलाखतीत सांगायलाच हवं.

जोडीदाराला पुढे बोलवायचं असेल तर त्याचं नाव याच मुलाखतीत नोंदवा. आज वगळलेला माणूस आश्रय मिळाल्यावर अचानक उगवला की संशय येतो. लग्न न झालेल्या जोडीदाराला येऊ द्यायचं की नाही हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो. बऱ्याच ठिकाणी उत्पन्न आणि घराच्या अटींतून सूट हवी असेल तर आश्रय मिळाल्यापासून ३ महिन्यांत अर्ज करावा लागतो, म्हणून निकालाची वाट न बघता वकिलाला हे आत्ताच विचारून ठेवा.