ओळी मोजताना आधी नल बघ

तुझी ‘मोज गं बाई ओळी, देवघेवीतून’ ही डेटाबेसला प्रश्न विचारायची गमतीची क्वेरी भाषा मला मनापासून आवडली. खुशाल वाढव, पण आतून चालतं ते एसक्यूएलच, म्हणजे डेटाबेसची नेहमीची क्वेरी भाषा. काउंट(*) टेबलातल्या सगळ्या ओळी मोजतं. काउंट(परत_तारीख) मात्र त्या रकान्यात नल, म्हणजे काहीच भरलेलं नाही, अशा ओळी सोडून देतं. आपल्या वडोदऱ्याच्या मंडळाच्या वाचनालयात जी पुस्तकं अजून वाचकांकडेच आहेत त्यांची परत तारीख नल असणार, म्हणजे नेमकी तीच गळतील! म्हणून ‘सगळ्या मोज’ आणि ‘भरलेल्या मोज’ अशा दोन वेगळ्या आज्ञा ठेव. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये मोठ्या टेबलावर काउंट(*) रेंगाळतं, कारण प्रत्येक ओळ तुझ्या ट्रान्झॅक्शनला (एकत्र चालणाऱ्या आज्ञांच्या गटाला) दिसते का, हे तपासावं लागतं. ढोबळ आकडा पुरत असेल तर अ‍ॅनालाइझ ही टेबलाची आकडेवारी ताजी करणारी आज्ञा चालवून पीजी_क्लास या पोस्टग्रेसच्या आतल्या टेबलातला रेलटपल्स, म्हणजे ओळींचा अंदाजे आकडा, बघ.