वाचकांचे प्रश्न : खातेदार देव

प्रश्न : मेसोपोटेमियात प्रत्येक नगराचा देव वेगळा होता, असं वाचलं. आपल्या ग्रामदैवतासारखंच का हे? – एक वाचक, बार्शी

उत्तर : थोडंफार तसंच. पण तिथला देव नुसता राखणदार नव्हता, तो जमिनीचा खातेदार होता. मी ३२ वर्षं मोजणी खात्यात काढली, त्यामुळे मला यातलं हेच आधी दिसतं.

आजच्या दक्षिण इराकात, लगाश राज्यात, गिर्सू नावाचं नगर होतं. तिथला देव निन्गिर्सू. तिथल्या सुमेरी भाषेत या नावाचा सरळ अर्थ ‘गिर्सूचा धनी’. शेजारच्या उम्मा नगराचा देव शारा. दोघांच्या मध्ये गुएदेना नावाचं सुपीक रान होतं, आणि त्याच्या हद्दीवरून दोन राज्यं पिढ्यान्‌पिढ्या भांडली. लगाशच्या एन्मेटेना राजाने ही सगळी हकिगत मातीच्या शंकूवर लिहून ठेवली. (आम्ही जमीन मोजायला वापरायचो तो शंकू वेगळा.) तिचं भाषांतर वाचताना जुनी तंट्याची फाइल उघडल्यासारखं वाटलं. देवांचा बाप एन्लिल, त्याने हद्द आखली ती निन्गिर्सू आणि शारा यांच्यात. राजांचं नावच नाही! मग किशचा राजा मेसिलिम याने दोरी टाकून रान मोजलं, दगड रोवला. पुढे उम्माचा राजा उश याने तो उपटून टाकला. हद्दीचे दगड जागचे हलतात, हे मला कुणी नव्याने सांगायला नको.

इ.स.पू. २४५०च्या सुमारास लगाशचा राजा एआन्नातुम लढाई जिंकला. त्याने दगड पुन्हा बसवले आणि उम्माला काही रान जवाच्या बोलीवर कसायला दिलं. जव थकले, त्यावर व्याज चढलं, आणि उम्मावाल्यांनी पाटाचं पाणीच वळवलं. म्हणजे पुन्हा लढाई.

एआन्नातुमचा विजयस्तंभ पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात तुकड्यांत आहे. मी फक्त फोटो पाहिलेत. एका बाजूला भालाइतांच्या पुढे चालणारा राजा. दुसऱ्या बाजूला त्याच्याहून कितीतरी मोठी आकृती, बहुतेक अभ्यासकांच्या मते निन्गिर्सूची. हातात जाळं, त्यात कोंबलेले शत्रू. एकाने डोकं बाहेर काढलंय, तर देव त्यावर गदा हाणतोय. शेत त्याचं, मग लढाईही त्याचीच.

आणि कारभार? निन्गिर्सूची बायको बाऊ. तिच्या नावाच्या वाड्याच्या हिशेबाच्या पाट्या शेकड्यांनी सापडल्या. कोणत्या मजुराला किती जव मोजले, सगळं टिपलेलं.

इ.स.पू. २३५०च्या आसपास उम्माचा राजा लुगालझागेसी याने लगाश लुटलं. लगाशच्या कुणा लेखनिकाने त्याचा पंचनामाच केलाय : कोणत्या देवळाला आग लावली, कुठली चांदी नेली, निन्गिर्सूच्या रानातले जव कसे नेले. शेवटी तो लिहितो, यात आमच्या राजाचा दोष नाही. लुगालझागेसीची देवी निसाबा हिने हे पाप स्वतःच्या मानेवर वाहावं.

नोटीस काढली, तीही देवीच्या नावे.