हलक्या बास जिगसाठी लाइन कोणती घ्यावी: नायलॉन, फ्लुरोकार्बन की ब्रेडेड?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बास मासे पकडायला स्पिनिंग रॉडवर 3.5 ते 7 ग्रॅमचे जिग (वजनदार डोक्याचे गळ) वापरता, रिळावर 12 पाउंडाची, म्हणजे तेवढा ताण सहन करणारी, फ्लुरोकार्बन लाइन आहे. जिग लांब जात नाही, तळाला टेकला की नाही ते कळत नाही आणि बासने तोंडात घेऊन थुंकून दिला तरी पत्ता लागत नाही. लाइन बदलावी का, आणि बदलायची तर कोणती?

बदला. नवी लाइन घेताना मात्र खोक्यावरचे पाउंड नंतर वाचा, आधी मिलिमीटरमधली जाडी वाचा. हलक्या जिगचं सगळं गणित जाडीवर चालतं. 12 पाउंडाची फ्लुरोकार्बन साधारण 0.31 मिमी जाड असते. 10 पाउंडाची ब्रेडेड, म्हणजे बारीक तंतू विणून केलेली, लाइन 0.15 मिमीच्या आसपास, म्हणजे तिच्या निम्मी. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो, म्हणून हिशोब करून बघू. पाण्यात 10 मीटर लाइन असेल, तर 0.31 मिमीच्या लाइनची बाजूने दिसणारी पट्टी 31 चौरस सेंटीमीटरची होते. तुमच्या जिगचं डोकं जेमतेम एक-दोन चौरस सेंटीमीटर. वाऱ्याने होडी सरकली किंवा पाण्याला थोडी ओढ असली, की पाणी जिगपेक्षा कितीतरी जास्त जोर लाइनवर लावतं. लाइन कमानीसारखी वाकते आणि जिग सरळ खाली न जाता तिरका ओढला जातो. तुम्हाला तळ लागत नाही त्याचं मुख्य कारण हेच. जड जिग ही ओढ सहन करतो, 4 ग्रॅमचा करत नाही.

जिग लांब न जाण्याचं कारणही जाडीच. एकाच पदार्थाच्या तारेचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. त्यामुळे 0.31 मिमीची फ्लुरोकार्बन 0.23 मिमीच्या फ्लुरोकार्बनपेक्षा तिपटीहून जास्त ताठ असते. स्पिनिंग रिळाच्या लहान स्पूलवर, म्हणजे लाइन गुंडाळायच्या भागावर, ती गुंडाळी धरून बसते. फेकताना ती वेटोळ्यांसकट सुटते आणि पहिल्या गाइडवर (रॉडवरच्या गोल कड्यावर) घासत जाते. तेवढ्यातच हलक्या जिगचा जोर संपतो. पाण्यात गेल्यावरही ती वेटोळी पूर्ण सरळ होत नाहीत, कारण त्यांना ताणून धरायला खाली पुरेसं वजनच नसतं. मग माशाचा धक्का वेटोळ्यांतच जिरतो आणि बोटापर्यंत येत नाही.

आता माझी निवड सांगतो. स्पिनिंग रॉडवर 3.5 ते 7 ग्रॅमच्या जिगसाठी मी मुख्य लाइन म्हणून 10 पाउंडाची ब्रेडेड वापरतो आणि पुढे 8 पाउंडाचा फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे जिगजवळचा शेवटचा तुकडा, बांधतो. पाणी फार नितळ असेल किंवा जिग 3.5 ग्रॅम वा त्याहून हलका असेल तर लीडर 6 पाउंडाचा. तळाला खडक, बुडालेली झाडं, ओंडके असतील तर 10 पाउंडाचा. बहुतेक पाण्यांत एवढ्यावर भागतं.

ब्रेडेडची खरी किंमत कळते ती जिग खाली पडत असताना. बास जिग घेतो तो बहुतेक वेळा तो पडत असताना किंवा नुकताच तळाला टेकल्यावर. त्या वेळी लाइन पूर्ण ताणलेली नसते, म्हणून हाताइतकाच डोळ्यावर भरवसा ठेवावा लागतो. भडक पिवळी किंवा हिरवी ब्रेडेड पाण्यावर स्पष्ट दिसते. ती एकदम उडाली, बाजूला सरकली, किंवा तळ यायच्या आधीच थांबली, तर समजा मासा आहे. पहिल्या एक-दोन फेकांत जिग तळाला पोचेपर्यंत मनात आकडे मोजा. बारापर्यंत जाणारा जिग सातवर थांबला तर वाट बघू नका. हे पाहणं जमलं की हलक्या जिगने मासेमारी करायला खरी मजा येते, आणि रंगीत लाइनला मासा बिचकेल ही धास्ती लीडर असल्यावर उरत नाही.

ब्रेडेड पॉलिथिलीनच्या तंतूंची असते आणि अगदी थोडी ताणली जाते. नायलॉन तुटण्याआधी चांगलीच, लांबीच्या पाचव्या हिश्शाहूनही जास्त, ताणू शकते. फ्लुरोकार्बन ताणली जात नाही असं सर्रास सांगतात, ते बरोबर नाही. जोराचा ताण आला की तीही नायलॉनसारखीच लांबते. फरक एवढाच, की हलक्या ताणाला ती कमी लांबते आणि एकदा फार ताणली गेली की पूर्ववत होत नाही. म्हणून अडकलेला जिग जोर लावून सोडवल्यावर पुढचा मीटरभर तुकडा कापून नवी गाठ मारा. बाहेरून तो चांगला दिसत असला तरी आतून कमजोर झालेला असतो.

मग नुसती ब्रेडेड का नको, लीडर कशाला? फ्लुरोकार्बन पाण्यात दिसत नाही, हे उत्तर तुम्ही ऐकलं असेल. त्यात तथ्य आहे. पाण्याचा अपवर्तनांक 1.33, फ्लुरोकार्बनचा 1.42 आणि नायलॉनचा 1.53 च्या आसपास. म्हणजे फ्लुरोकार्बन पाण्याच्या जास्त जवळ आहे, पण अदृश्य नाही. माझ्या मते या गुणाचा जरा जास्तच गवगवा झाला आहे. गढूळ पाण्यात त्याने काहीच फरक पडत नाही. मी लीडर लावतो तो मुख्यतः घासण्यासाठी. ब्रेडेडचे बारीक तंतू खडकाच्या कडेवर किंवा शिंपल्यांवर पटापट तुटतात, फ्लुरोकार्बन तिथे बराच वेळ टिकते. शिवाय ब्रेडेड पाण्यापेक्षा हलकी, घनता 0.97. फ्लुरोकार्बन 1.78, ती बुडते. जिगच्या जवळचा भाग बुडणारा असला की तळाशी चालणारा जिग उगाच वर उचलला जात नाही. आणखी एक फायदा असा की लीडर मुख्य लाइनपेक्षा कमजोर ठेवला तर अडकल्यावर लीडरच तुटतो, लांबलचक ब्रेडेड पाण्यात राहत नाही. पाणपक्ष्यांच्या पायात आणि कासवांच्या मानेत अशीच लाइन अडकते, म्हणून मी याला महत्त्व देतो.

लीडर रॉडच्या लांबीएवढा ठेवा. स्वच्छ, खडकाळ पाण्यात दीडपट. जोडायला एफजी गाठ सगळ्यात बारीक बसते आणि गाइडमधून सुळकन निघते, पण ती घरी बसून सरावाने शिकायची गाठ आहे. होडीत थंड हातांनी डबल युनी गाठ मारा, चालते. जिगला पालोमार गाठ. कुठलीही फ्लुरोकार्बनची गाठ आवळण्याआधी थुंकी लावून ओली करा, कारण कोरडी गाठ आवळताना घर्षणाच्या उष्णतेने लाइन तिथेच मरते. जिगची कडी आधी तपासा. रंगवलेल्या डोक्यांच्या कडीत रंग साचलेला असतो आणि त्याची वाळलेली कड पात्यासारखी कापते. दुसऱ्या गळाच्या टोकाने तो रंग पूर्ण काढून मगच गाठ मारा. मासा काढल्यावर आणि खडकाला घासल्यावर शेवटचा हातभर भाग दोन बोटांतून फिरवा. खरखर लागली की कापा.

ब्रेडेड नको असते अशा वेळाही आहेत. कडक वारा सुटला की हलकी, तरंगणारी ब्रेडेड वाऱ्यात कमान धरते आणि 3.5 ग्रॅमचा जिग ती सरळ करू शकत नाही. गोठवणाऱ्या थंडीत तिच्या तंतूंमध्ये शिरलेलं पाणी बर्फ होऊन गाइड बंद करतं. तळ नुसता धारदार खडकांचा असेल आणि लीडरच्या वरचा भागही घासत असेल, तिथेही ती नको. अशा वेळी मी सरळ फ्लुरोकार्बन भरतो, पण 6 किंवा 8 पाउंडाचीच, म्हणजे 0.23 ते 0.26 मिमी. 2500 किंवा 3000 आकाराच्या रिळावर ती सांभाळता येते. स्पूल काठोकाठ भरू नका, काठाच्या दोन मिलिमीटर खाली थांबा. सकाळी पहिल्या फेकीआधी वीस-पंचवीस मीटर लाइन काढून हलकेच ताणून धरली की गुंडाळी बरीच सुटते.

नायलॉन आता जुनी झाली असं समजू नका. तिची घनता 1.14, म्हणजे पाण्याच्या जवळची, त्यामुळे ती फारच हळू बुडते. केसांचे किंवा पिसांचे अगदी हलके जिग, 2 ते 3.5 ग्रॅमचे, पाण्याच्या मधल्या थरातून सावकाश पोहवायचे असतील तर 6 पाउंडाची नायलॉन फार छान काम करते. थंड पाण्यातल्या स्मॉलमाउथ बासला तो संथ जिग आवडतो, आणि बुडणारी फ्लुरोकार्बन त्याला खाली खेचत राहते. तुम्ही रिळावर लावलेल्या 0.31 मिमीच्या फ्लुरोकार्बनचा 10 मीटरचा तुकडा पाण्यात असतानाही अर्ध्या ग्रॅमहून जास्त भरतो. 2 ग्रॅमच्या जिगला तेवढं ओझं पुष्कळ झालं. नायलॉन पाणी शोषते आणि ओली झाल्यावर तिची ताकद थोडी उतरते, उन्हानेही ती खराब होते, म्हणून हंगामात एकदा तरी नवी भरा. ती स्वस्त असल्याने हे जड जात नाही.

गळाचा विचार न करता लाइन निवडली तर अर्धंच काम होतं. हलक्या जिगचा गळ बारीक तारेचा असेल तर तो रॉड जरा मागे ओढला तरी रुततो. तिथे ब्रेडेडवर जोराचा हिसका दिलात तर गळ तरी उघडेल किंवा ओठ तरी फाटेल. लाइन ताठ झाली की रॉड शांतपणे बाजूला ओढा, बस. उलट काही छोट्या जिगमध्ये जाड तारेचा गळ बसवलेला असतो. तसा गळ लांबवर नायलॉनने रुतवणं कठीण, तिथे ब्रेडेडच हवी. तणाला न अडकण्यासाठी पुढे केसांचा झुबका असतो, तो हलक्या जिगवर फार ताठ वाटला तर थोडे केस कापून विरळ करा. ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की लाइन सोडणारा रिळाचा ब्रेक, लीडरच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर लावा. 8 पाउंड म्हणजे साधारण 3.6 किलो, तर ड्रॅग एक किलोच्या आसपास सुटायला हवा. ताणकाटा लावून एकदा मोजून बघा, नुसत्या हाताच्या अंदाजाने तो बहुतेकांचा जास्तच लागतो.

ब्रेडेड पहिल्यांदाच भरत असाल तर स्पूलवर आधी थोडी नायलॉन गुंडाळा, नाहीतर सगळी लाइन गुळगुळीत स्पूलवर घसरत राहते आणि ड्रॅगच सुटतो आहे असं वाटतं. भरताना ती ओल्या फडक्यातून ताणून भरा. फेकल्यावर बेल (रिळावरची तारेची कमान) हँडल फिरवून न मिटवता हाताने मिटवा आणि लाइन एकदा ओढून ताठ करा. हलक्या जिगला लाइन सैल गुंडाळली जाते, आणि पुढच्या फेकीत जो गुंता होतो तो या दोन सवयींनी जवळजवळ बंद होतो.

पाउंडांचं एक राहिलं. एकाच आकड्याच्या दोन कंपन्यांच्या लाइन जाडीत वेगळ्या निघतात, कारण काहीजण प्रत्यक्ष ताकदीपेक्षा कमी आकडा छापतात. जपानी लाइनवर बऱ्याचदा जाडीचा क्रमांक असतो. क्रमांक 1 म्हणजे 0.165 मिमी, क्रमांक 2 म्हणजे 0.235 मिमी. हलक्या जिगसाठी ब्रेडेड 0.8 ते 1 क्रमांकाची आणि लीडर 1.5 ते 2.5 क्रमांकाचा धरा.

तुमच्याकडची 12 पाउंडाची फ्लुरोकार्बन फेकू नका. जिग 10 ग्रॅमच्या वर गेला की बेटकास्टिंग रिळावर (ज्याचा स्पूल फेकताना स्वतः फिरतो) तीच लाइन नीट चालते. मोठ्या स्पूलवर तिची गुंडाळी तितकी त्रास देत नाही आणि जड जिग तिला सरळ ताणून धरतो. स्पिनिंग रिळाला जादा स्पूल मिळत असेल तर एकावर ब्रेडेड आणि दुसऱ्यावर 6 पाउंडाची फ्लुरोकार्बन भरून ठेवा. वारा बघायचा आणि स्पूल बदलायचा, एवढंच काम राहील.