पहिल्यांदाच बदकं पाळताय? वाचकांचे प्रश्न

या वेळी बदकांविषयीची पत्रं सर्वांत जास्त आली. लिहिणाऱ्या बहुतेकांनी कोंबड्या पाळलेल्या आहेत, बदकं मात्र पहिल्यांदाच. बदकाचं खाणं, झोपणं, आजारपण सगळंच कोंबडीपेक्षा निराळं असतं. कोंबडीच्या सवयीने बदक सांभाळायला गेलं की घोटाळा होतो, आणि पत्रांतल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथेच आहे.

प्रश्न : घरामागे वीस बाय पंधरा फूट जागा आहे. सहा बदकं पाळायची इच्छा आहे. पण आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं आणि उन्हाळ्यात बोअर आटतो. तळं नाही, हौद नाही. जमेल का? (जुळे सोलापूर)

उत्तर : जमेल. अंडी देण्यासाठी बदकाला पोहावं लागत नाही. त्याला लागतं ते डोळ्यांपर्यंत डोकं बुडेल एवढं खोल पाणी. बदक चोच, नाकपुड्या आणि डोळे पाण्यात बुडवून धुतं. उथळ ताटलीत पाणी ठेवलं तर आठ-पंधरा दिवसांत डोळ्यांच्या कडांना फेस दिसतो, पापण्या चिकटतात, नाकपुड्यांत दाणा वाळून बसतो. म्हणून पिण्याचं भांडं सहा इंच खोल हवं. रुंद तोंडाची बादली विटांच्या आळ्यात घट्ट बसवली की ती कलंडत नाही.

आता पाण्याचा हिशोब बघा. उन्हाळ्यात मोठं बदक दिवसाला अर्धा ते एक लिटर पाणी पितं, म्हणजे सहा बदकांना सहा लिटर धरा. आंघोळीसाठी एक मोठं प्लास्टिकचं घमेलं, त्यात वीस लिटर. दिवसाला सव्वीस लिटर, पाच दिवसांचे एकशेतीस. म्हणजे दोनशे लिटरचं एक बॅरल भरून ठेवलं की पुढचं पाणी येईपर्यंत निभतं. बॅरल सावलीत ठेवा, भोवती ओलं गोणपाट गुंडाळा आणि झाकण घट्ट लावा, नाहीतर त्यात डास होतील. कपडे किंवा भांडी धुतलेलं साबणाचं पाणी घमेल्यात कधीही ओतू नका. साबणाने पिसांवरचं तेल निघून जातं, मग बदक भिजतं आणि गारठतं.

खरी अडचण सांडलेल्या पाण्याची. बदकं घमेल्याभोवती तासाभरात चिखल करतात, आणि आपली काळी माती तर पायाला चिकटून बसते. म्हणून घमेलं जमिनीवर ठेवू नका. तीन फूट लांब-रुंद आणि दीड फूट खोल खड्डा काढा, खडीने भरा, वर मजबूत लोखंडी जाळी टाका आणि जाळीवर घमेलं ठेवा. खड्ड्यातून एक चर शेवग्याच्या किंवा केळीच्या बुडाशी न्या. विष्ठा मिसळलेलं हे पाणी झाडांना चांगलं खत होतं. अंगणात शहाबादी फरशी असेल तर तिच्यावर वाळू पसरा. फरशी दुपारी तापते, शिवाय टणक जागेवर सतत चालून जड बदकांच्या तळपायाला घट्टे पडतात, ते फुटून आत पू होतो.

रात्रीचं खुराडं मात्र पूर्ण कोरडं हवं. सहा बदकांना चार बाय सहा फूट पुरे. बदकं दांडीवर बसत नाहीत, जमिनीवरच झोपतात, म्हणून खाली चार इंच लाकडाचा भुसा किंवा उसाचं वाळलेलं चिपाड घाला आणि ओला झालेला थर रोज काढा. खुराड्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली की सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आत फार शिरत नाही. नुसता पत्रा नको. त्यावर कडब्याच्या पेंढ्या टाकल्या तर आत जाणवण्याइतका गारवा राहतो. साध्या कोंबडी-जाळीच्या भोकांतून मुंगूस आणि घूस हात घालतात, त्यामुळे अर्ध्या इंचाची वेल्ड जाळी घ्या आणि ती फूटभर जमिनीत गाडा. दाराला नुसती कडी न ठेवता वर खिट्टीही लावा.

मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला गेला की बदक चोच उघडून धापा टाकतं आणि पंख अंगापासून दूर धरतं. अशा वेळी त्याला सावलीत घ्या आणि पाय बुडतील अशा साध्या पाण्यात उभं करा. बर्फाचं पाणी अंगावर ओतू नका. उन्हाळ्यात खाणं पहाटे सहाला आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर द्या.

प्रश्न : आठवड्याची दहा पिल्लं आणली. बदकाचीच पिल्लं म्हणून टबात सोडली, तर दुसऱ्या दिवशी दोन दगावली. आता एकाचे पाय वाकडे होताहेत, ते बसून बसून सरकतं. (मोहोळ)

उत्तर : दोन्ही गोष्टींची कारणं वेगवेगळी आहेत. आईबरोबर फिरणाऱ्या पिल्लांच्या लवेला आईच्या अंगाचं तेल लागतं, म्हणून ती भिजत नाहीत. यंत्रात उबवलेल्या पिल्लांना हे तेल नसतं. टबात ती काही मिनिटांत चिंब होतात, थंडीने आखडतात आणि कडा उंच असल्या तर बाहेर न येता बुडतात. तीन-चार आठवड्यांपर्यंत पोहणं बंद ठेवा. पिण्याच्या ताटलीत पहिल्या आठवड्यात चोच बुडेल एवढंच, इंचभर पाणी ठेवा आणि त्यात स्वच्छ गोटे टाका. दुसऱ्या आठवड्यापासून दोन-तीन इंच खोल करा.

वाकड्या पायांचं कारण बहुधा नायसिनची कमतरता. बदकाच्या पिल्लांना या जीवनसत्त्वाची गरज कोंबडीच्या पिल्लांपेक्षा बरीच जास्त असते. मक्यात ते असतं, पण बांधलेल्या रूपात, त्यामुळे अंगी लागत नाही. नुसता मक्याचा भरडा किंवा कोंबड्यांचं खाद्य दिलं की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गुडघे सुजतात आणि पाय धनुष्यासारखे वाकतात. पशुवैद्यकांना दाखवून नायसिन असलेलं बी-कॉम्प्लेक्स आजच पाण्यातून सुरू करा. लवकर पकडलं तर पाय सुधारतात. महिना उलटला तर व्यंग कायमचं राहतं. दुसरी एक शंका: खाली वर्तमानपत्र अंथरलंय का? गुळगुळीत कागदावर पाय फाकतात. कागद काढून गोणपाट घाला, चार दिवसांनी त्यावर भुसा.

उबेसाठी पहिल्या आठवड्यात तीस-बत्तीस अंश तापमान ठेवा, मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करा. तीन बाय तीन फुटांच्या खोक्यावर दीड फूट उंचीवर साठ वॅटचा पिवळा बल्ब दहा पिल्लांना पुरतो. थर्मामीटर नसला तरी पिल्लांवरून कळतं. बल्बखाली ढीग करून ओरडत असतील तर थंडी वाजतेय, कोपऱ्यात पांगून धापा टाकत असतील तर उकडतंय, सगळीकडे विखरून खात-झोपत असतील तर ऊब बरोबर आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दिवसा बल्ब लागतच नाही. पहिल्यांदाच आणणाऱ्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये पिल्लं आणावीत. तेव्हा ऊनही माफक असतं आणि रात्रीही बोचऱ्या नसतात. आणि पिल्लू असो वा मोठं बदक, पाय धरून उचलू नका. बदकाचे पाय नाजूक असतात, पोटाखाली हात घालून उचला.

प्रश्न : गावात घाण्यावरची शेंगपेंड स्वस्त मिळते, घरची ज्वारीही आहे. एवढ्यावर बदकं वाढवता येतील का? (वळसंग)

उत्तर : ज्वारी द्या. शेंगपेंड देऊ नका, हे जरा निक्षून सांगावंसं वाटतं. भुईमुगावर आणि त्याच्या पेंडीवर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते, आणि पाळीव पक्ष्यांत बदकाचं पिल्लू या विषाला सर्वांत लवकर बळी पडतं. 1960 साली इंग्लंडमध्ये टर्की मोठ्या संख्येने मेल्या. बदकांची पिल्लंही मेली. शोध घेतला तेव्हा कारण निघालं ते बुरशीची शेंगपेंड, आणि या विषाची ओळख जगाला तिथूनच झाली. पेंड वरून स्वच्छ दिसली तरी विष असू शकतं, आणि शिजवून ते जात नाही. ओलसर मका, पावसात भिजलेली काळी ज्वारी, बुरसटलेली भाकरी यांनाही हाच नियम. ज्या दाण्याला कुबट वास येतो तो बदकापुढे टाकू नये.

अंड्यावरच्या बदकांसाठी दहा किलो खाद्य असं करता येईल: ज्वारी आणि मक्याचा भरडा सहा किलो, गव्हाचा कोंडा दीड किलो, सोयाबीन पेंड एक किलो सातशे ग्रॅम, न खारवलेल्या सुकटीचा चुरा सहाशे ग्रॅम, पशुखाद्याच्या दुकानातलं कोंबड्यांचं मिनरल मिक्स्चर दोनशे ग्रॅम. यात सुमारे अठरा टक्के प्रथिनं येतात. सुकट घेताना चाखून बघा, खारट असेल तर नको, जादा मीठ बदकांना बाधतं. शिंपल्यांचा चुरा निराळ्या वाटीत ठेवा. अंड्यावरची मादी हवा तेवढा खाते, नराला आणि पिल्लांना तो लागत नाही.

खाद्य कोरडं देऊ नका. भरड कोरडी असली की चोचीला लगदा चिकटतो आणि घशात अडकतो. म्हशीच्या आंबोणासारखं कालवून द्या, मुठीत दाबलं तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये. मोठ्या बदकाला दिवसाला दीडशे ग्रॅमच्या आसपास लागतं, मोकळं फिरून किडे-गोगलगाई खात असेल तर त्याहून कमी. कालवलेलं तासाभरात संपेल एवढंच घाला. आपल्या उन्हात ते दुपारपर्यंत आंबतं. पाणी खाण्याशेजारीच हवं. रात्री खाणं आत ठेवलं नाही तर बदकं पाण्यावाचूनही रात्र काढतात, फक्त एप्रिल-मेमध्ये दाराशी अरुंद तोंडाची बादली असू द्या.

प्रश्न : कोणती जात घ्यावी? शेजारी आवाजाची तक्रार करतील अशी भीती आहे. (अक्कलकोट)

उत्तर : अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेल. चांगल्या व्यवस्थेत ती वर्षाला अडीचशे ते तीनशे अंडी देते, घरच्या खाण्यावर त्याहून कमी धरा. मांसासाठी पांढरं पेकिन. आवाज नको असेल तर मस्कोव्ही, ते जवळजवळ मुकं असतं, पण अंडी थोडी देतं. बाकी जातींत मोठमोठ्याने ओरडते ती मादी, नराचा आवाज घोगरा आणि दबका असतो. दीड-दोन महिन्यांत आवाजावरून नर-मादी कळतात, पुढे नराच्या शेपटीवर वर वळलेली पिसं येतात. सहा माद्यांमागे एक नर पुरे. नुसती अंडी खायची असतील तर नराची गरजच नाही.

प्रश्न : बदकं सहा महिन्यांची झाली, अजून एकही अंडं नाही. (बार्शी)

उत्तर : आधी सकाळी कितीला सोडता ते बघा. बदकं बहुतेक सगळी अंडी पहाटे ते सकाळी नऊच्या आत घालतात. सहालाच सोडलं तर अंडं चिखलात, गवतात, घमेल्यात कुठेही पडतं आणि कावळा नाहीतर मुंगूस ते नेतो. आठवडाभर नऊपर्यंत कोंडून ठेवा आणि कोपऱ्यात फूटभर लांब-रुंद खोकं भुसा घालून ठेवा. तरी अंडं दिसलं नाही तर प्रथिनं कमी पडताहेत का, दिवसाचा उजेड चौदा तास मिळतो का, नुकतीच जागा बदलली का, पिसं गळताहेत का, या क्रमाने तपासा.

प्रश्न : आमचं घर उजनीच्या पाण्यालगत आहे. बदकं दिवसभर तिकडं सोडावीत का? लस लागते का? (माढा तालुका)

उत्तर : सोडू नका. हिवाळ्यात तिथे दूरदूरचे पाणपक्षी उतरतात आणि बर्ड फ्लूचा विषाणू त्यांच्या विष्ठेतून पाण्यात येऊ शकतो. बदकाचं वैशिष्ट्य असं की ते लक्षण न दाखवताही हा विषाणू बाळगू शकतं आणि घरच्या कोंबड्यांना देऊ शकतं. देशातली बर्ड फ्लूची पहिली नोंद 2006 साली आपल्याच राज्यात, नवापूरला झाली होती. एकाएकी दोन-तीन पक्षी मेले तर हात न लावता तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

उन्हाळ्यात पाणी आटून डबकं उरलं आणि त्यात गवत-मासे कुजले की आणखी एक धोका असतो. ते पाणी प्यायलेल्या बदकाचे आधी पाय आणि पंख जातात, मग मान लुळी पडते. हा बोटुलिझम, कुजक्यातल्या जिवाणूच्या विषाने होतो. लसींचं म्हणाल तर डक प्लेगची लस आठ ते बारा आठवड्यांच्या वयात द्यावी. डक कॉलराची लस तीन-चार आठवड्यांना देतात. या लसी प्रत्येक दवाखान्यात तयार नसतात, म्हणून पिल्लं आणायच्या आधीच विचारून ठेवा.

प्रश्न : हिप्परगा तलावाजवळ हळदी-कुंकू बदकाचं पिल्लू सापडलं. आमच्या बदकांत वाढवू का? (उत्तर सोलापूर)

उत्तर : नाही. रानटी बदक पकडणं आणि पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे गुन्हा आहे. आई बहुधा जवळच लपलेली असते. पिल्लू होतं तिथेच वेताजवळ ठेवून लांब व्हा. जखमी असेल तर वनविभागाला कळवा.

प्रश्न : खाकी कॅम्पबेल अंड्यावर बसत नाही. पिल्लं कशी काढायची? (मंगळवेढा)

उत्तर : खुडूक देशी कोंबडीखाली सहा ते आठ अंडी ठेवा. अंडी आठवड्याच्या आतली, स्वच्छ पण न धुतलेली असावीत. कोंबडीला एकवीस दिवसांची सवय, बदकाच्या अंड्याला अठ्ठावीस दिवस लागतात, म्हणून ती मध्येच उठू नये यासाठी दाणा-पाणी खोक्याशेजारीच ठेवा. पंधराव्या दिवसापासून ती खायला उठली की अंड्यांवर कोमट पाणी हलकं शिंपडा, बदकाच्या अंड्याला ओलावा जास्त लागतो. अंडं टोचल्यापासून पिल्लू बाहेर यायला दिवस-दीड दिवस जातो. तोवर कवच सोलू नका, आतल्या रक्तवाहिन्या तुटून पिल्लू मरतं. पिल्लं झाल्यावर पहिला महिना कोंबडीला आणि पिल्लांना घमेल्यापासून लांब ठेवा. पिल्लं पाण्यात शिरली की कोंबडी काठावर ओरडत राहते, आणि त्यांना बाहेर काढणं तिला जमत नाही.