वाचकांचे प्रश्न : टोलचे घर अष्टकोनी का?

प्रश्न : वेल्सच्या अँगलसी बेटावर, लांबलचक नावामुळे प्रसिद्ध असलेल्या लॅनफेअर पी.जी. गावाजवळ, रस्त्याला खेटून उभी असलेली मनोऱ्यासारखी अष्टकोनी इमारत पाहिली. ते जुन्या काळचे टोलघर असल्याचे समजले. एवढ्याशा कामासाठी असा वेगळा आकार कशासाठी?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तो आकार नाकेदाराच्या सोयीसाठी आहे. टोल घेणारा माणूस त्याच घरात राहत असे आणि गाडी रात्री-अपरात्रीही फाटकाशी येऊन थांबे, त्यामुळे घरात बसूनच रस्ता दोन्ही दिशांना दिसणे गरजेचे होते. सरळ भिंतीतल्या खिडकीतून समोरचेच तेवढे दिसते. तिरप्या भिंतींतल्या खिडक्यांतून मात्र दोन्हीकडची वाहने फाटकापाशी पोहोचण्याआधीच नजरेस पडत. ब्रिटनमधील अनेक टोलघरांचा दर्शनी भाग याच कारणाने बहुकोनी आहे.

तुम्ही पाहिलेले घर थॉमस टेलफर्ड या अभियंत्याच्या लंडन–होलीहेड रस्त्यावरचे आहे. 1801 मध्ये आयर्लंड राजकीयदृष्ट्या ब्रिटनला जोडले गेल्यावर आयरिश खासदार आणि टपाल अँगलसीलगतच्या होलीहेड बंदरामार्गे लंडनला जाऊ लागले, पण वाट अत्यंत खडतर होती. म्हणून 1815 पासून सरकारी खर्चाने हा रस्ता नव्याने बांधण्यात आला आणि 1826 मध्ये बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या मेनाय सामुद्रधुनीवरील झुलता पूल खुला झाला. बेटावरच्या टोलघरांना टेलफर्डने मधोमध दुमजली मनोरा आणि त्याला लागून बैठ्या खोल्या दिल्या.

माझ्या मते या घराचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे भिंतीवरचा दरफलक. स्प्रिंग असलेली घोडागाडी ओढणाऱ्या प्रत्येक जनावरामागे 4 पेन्स, मालगाडीच्या जनावरामागे 3 पेन्स, आणि शेतात घालायचा चुना आणणाऱ्या गाडीला त्याच्या निम्मा दर. नुसत्या घोड्याला किंवा गाढवाला 1 पेनी, तर 20 गुरांच्या कळपाला 10 पेन्स. चाकाची रुंदी 3 इंचांहून कमी असेल किंवा धावेचे (चाकावरच्या लोखंडी पट्टीचे) खिळे बाहेर आलेले असतील, तर टोल दुप्पट, कारण अरुंद चाक आणि खिळ्यांची डोकी खडीचा रस्ता उखडून टाकतात. म्हणजे आकारणी ठरवताना रस्त्याची किती झीज होणार, याचाही विचार केलेला होता. टपालगाडीला मात्र इंग्लंड आणि वेल्समध्ये टोल माफ होता. तिचा रक्षक दुरूनच शिंग फुंकी आणि गाडी येण्याआधी नाकेदाराला फाटक उघडून ठेवावे लागे.

1850 मध्ये त्याच सामुद्रधुनीवरील ब्रिटानिया या रेल्वेपुलावरून आगगाडी थेट बेटावर येऊ लागली आणि रस्त्यावरची लांब पल्ल्याची वाहतूक ओसरली. तरीही या नाक्यावर 1895 पर्यंत टोल घेतला जात होता. ब्रिटनमधील इतर टर्नपाइक (टोल घेऊन चालवल्या जाणाऱ्या) रस्त्यांवरचा टोल त्याआधीच बंद झालेला होता.