शिवथेरियम की शिवाथेरियम?

प्रश्न असा आला आहे: जिराफाच्या कुळातल्या त्या लुप्त प्राण्याचं नाव मराठीत सिवाथेरियम, शिवाथेरियम की शिवथेरियम लिहावं? आणि त्याला ‘जिराफाचा पूर्वज’ म्हणावं का?

मी ‘शिवथेरियम’च लिहीन. ह्यू फाल्कनर आणि गंगेचा कालवा काढणारे प्रोबी कॉटली यांनी १८३६ मध्ये शिवालिक टेकड्यांतल्या जीवाश्मांवरून हे नाव ठेवलं. ‘शिव’ आपला, ‘थेरिओन’ ग्रीक, म्हणजे रानटी पशू. रोमन लिपीत ‘श’ला वेगळं अक्षर नाही, म्हणून त्यांनी एस लिहिला, आणि ‘शिव’मधला शेवटचा अ दाखवायला ए. आपण ते उलट वाचतो आणि त्या ए-चा काना करून टाकतो. योगाचं ‘योगा’ आणि अशोकाचं ‘अशोका’ झालं ते याच वाटेने. इथे तर काना फारच महागात पडतो. संस्कृतात ‘शिवा’ म्हणजे पार्वती, आणि ‘शिवा’ म्हणजे कोल्हीणसुद्धा! एवढं धिप्पाड जनावर कोल्हिणीच्या नावावर का जावं?

याच कुळात ब्रह्मदेव आणि विष्णूही आहेत. खंभातच्या आखातातल्या पिरम बेटावर सापडलेल्याला ‘ब्रामाथेरियम’ लिहितात. ते ब्रह्मथेरियम हवं. ब्रह्मदेशातलं विष्णुथेरियम मात्र सहसा बिघडत नाही.

आता ‘पूर्वज’. शिवथेरियमची मान आखूड, अंग बैलासारखं भरलेलं, वजन सव्वा टनाच्या आसपास. डोळ्यांवर शंकूसारखी दोन लहान शिंगं आणि मागे दोन मोठी, पसरट, फाटे फुटलेली. या मागच्या जोडीला काही जण ‘सांबरशिंगं’ म्हणतात, ते टाळावं. सांबराची शिंगं गळतात आणि पुन्हा उगवतात. जिराफाच्या कुळातली शिंगं कवटीला सांधलेली असतात, ती गळत नाहीत.

पूर्वज म्हणजे ज्याचा वंश पुढे आपल्यापर्यंत आला तो. शिवथेरियमची शाखा निराळी, आणि ती खुंटली. शिवाय त्याच शिवालिकमध्ये खऱ्या जिराफाच्या एका जुन्या जातीचीही हाडं मिळाली आहेत. म्हणून नुसतं ‘जिराफाचा चुलत भाऊबंद’ म्हणा.